साहेबाचा परिच्छेद : एक आफ्रिकी कादंबरी आणि वाङ्मयाचा वर्ग

आजच्या विषयाचे नाव वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. वसंतातल्या या व्याख्यानांत शिवकाल यावा, पेशवाई यावी, फार तर फ्रेंच राज्यक्रांती यावी; नायजर नदीकाठच्या मुलखाची आणि तिथल्या एका गृहस्थाने इंग्रजीत लिहिलेल्या कादंबरीची इथे काय गरज, असे एका स्नेह्याने मला आधीच विचारले. त्याला मी म्हटले, अर्धा तास ऐक आणि मग ठरव. आपणांपाशीही तेवढीच सवलत मागतो. माझे आयुष्य एका तालुक्याच्या गावी कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवण्यात गेले. त्या काळात ज्या पुस्तकाने मला शिक्षक म्हणून सर्वांत अधिक अडचणीत टाकले, ते हे पुस्तक.

चिनुआ अचेबे यांची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही कादंबरी १९५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा शेवट मी आधी सांगतो, कारण माझे बहुतेक म्हणणे त्या शेवटाशी बांधलेले आहे. उमुओफिया गावचा ओकोंक्वो हा नावाजलेला पहिलवान; कष्टाळू, मानी आणि तापट शेतकरी. गोऱ्यांच्या कचेरीचा पट्टेवाला गावसभा मोडण्याचा हुकूम घेऊन येतो, तेव्हा ओकोंक्वो कोयत्याने त्याचे डोके उडवतो. गाव आपल्यामागे उभे राहणार नाही हे त्याच क्षणी त्याच्या ध्यानात येते आणि तो गळफास लावून घेतो. जिल्ह्याचा गोरा अधिकारी शिपाई घेऊन त्याला पकडायला येतो, तो झाडाला प्रेत लोंबकळत असते. आत्महत्या केलेल्याच्या देहाला भावकीने हात लावायचा नाही असा तिथला निर्बंध. म्हणून गावकरी साहेबाच्याच माणसांना प्रेत उतरवण्याची विनंती करतात. ओबिएरिका हा मृताचा मित्र, एरवी शांत डोक्याचा माणूस. पण तो साहेबाकडे वळून संतापाने सुनावतो की, या गावातल्या थोर पुरुषांपैकी एकाला तुम्ही जीव द्यायला लावलात आणि आता त्याला कुत्र्याचे दफन मिळणार.

साहेब परत फिरतो. वाटेत त्याच्या मनात काय येते? तो एक पुस्तक लिहिण्याच्या विचारात असतो. नायजरच्या खालच्या खोऱ्यातील रानटी टोळ्यांना आपण कसे शांत केले, याचा वृत्तांत. त्यात हा माणूस घालता येईल असे त्याला वाटते. आधी वाटते, एक प्रकरण होईल. मग वाटते, प्रकरण जरा जास्तच. बऱ्यापैकी एक परिच्छेद पुरे.

पंचवीस प्रकरणे आपण ज्या माणसाच्या घरात वावरलो, ज्याच्या बायका, मुले, कंदांची कोठारे, रागलोभ सारे पाहिले, त्याचा असा परिच्छेद होतो. आणि वाङ्मयाच्या वर्गात आम्ही शिक्षक मंडळी काय करतो? ‘ओकोंक्वोचे स्वभावचित्र रेखाटा, गुण दहा.’ म्हणजे पुन्हा परिच्छेदच! हे पुस्तक शिकवताना माझी जी अडचण झाली, ती इथून सुरू झाली.

गंमत अशी की, या कादंबरीचे बीजही एका वर्गातच पडले. १९४८ साली इंग्रजांनी नायजेरियात ईबादान येथे युनिव्हर्सिटी कॉलेज काढले. ते लंडन विद्यापीठाशी जोडलेले. अभ्यासक्रम लंडनच्या धर्तीचा आणि पदवीही लंडनची. आपले मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले, तेही लंडनच्याच नमुन्यावर. तेव्हा ईबादान हे आपले नव्वद-एक वर्षांनी जन्मलेले धाकटे भावंडच म्हणायचे. त्या पहिल्या तुकड्यांत ओगिदी गावच्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाचा जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याला शिष्यवृत्ती मिळाली होती वैद्यकीसाठी. वर्षभराने त्याने वैद्यकी सोडून इंग्रजी, इतिहास आणि धर्मशास्त्र हे विषय घेतले. शिष्यवृत्ती गेली आणि घरच्यांना पैसे उभे करावे लागले. आपल्याकडच्या कितीतरी घरांत घडणारी गोष्ट आहे ही!

त्यांच्या इंग्रज अध्यापकांनी वर्गात जॉइस कॅरी यांची ‘मिस्टर जॉन्सन’ ही १९३९ सालची कादंबरी लावली. हेतू चांगलाच असावा. कॅरी हे पहिल्या महायुद्धाच्या काळात नायजेरियात सरकारी अधिकारी होते आणि कादंबरी नायजेरियावरच. विद्यार्थ्यांना ती जवळची वाटेल, असा हिशेब. तिचा नायक जॉन्सन हा कचेरीतला नायजेरियन कारकून; साहेबावर जीव टाकणारा, उधळ्या, हसरा, पैशांच्या अफरातफरी करणारा. अखेरीस साहेब स्वतःच्या हाताने त्याला गोळी घालतो. इंग्लंड-अमेरिकेत या पुस्तकाची मोठी वाहवा झाली. ईबादानच्या वर्गात मात्र पोरे बिथरली. एकजण उठून म्हणाला की, या पुस्तकात मला आवडलेला प्रसंग एकच, तो म्हणजे जॉन्सनला गोळी घातली तो. ही हकीकत अचेबे यांनी पुढे पन्नास-एक वर्षांनी, अमेरिकेतील आपल्या व्याख्यानांत सांगितली. अध्यापक चकित झाले. विद्यार्थीही थोडे चकित झाले असावेत. कारण छापील पुस्तक खोटे बोलू शकते, ही गोष्ट वर्गात सहसा शिकवली जात नाही.

आता ‘साहेबाचे पुस्तक’ ही कल्पना आपणांस परकी वाटू नये. सातारच्या छत्रपतींच्या दरबारी इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून बसलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला आणि पुढे त्याचे मराठी भाषांतर आपल्याच मुलांनी शाळांत पाठ केले. कादंबरीतल्या साहेबापेक्षा ग्रँट डफ पुष्कळ थोर. त्याने कागद जमवले, माणसे विचारली, वर्षानुवर्षे घासला. तरीही जिंकणाऱ्याने जिंकलेल्यांची कथा लिहिली हे खरेच. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतल्या तरुणाने पुण्यात त्या ग्रंथावर टीका केली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ त्यानंतर, १८७४ ची. राजवाड्यांचा पहिला खंड १८९८ चा. ग्रँट डफला उत्तर द्यायचे तर आपल्यापाशी दप्तरे होती, मोडीचे रुमाल होते. राजवाड्यांना ते शोधत गावोगाव पायपीट करावी लागली, पण शोधायला काहीतरी होते.

इग्बो लोकांपाशी यातले काही नव्हते. राजा नाही, म्हणून राजदप्तर नाही. गावाचा कारभार सभेत, तोंडी. स्मरण म्हाताऱ्यांच्या जिभेवर. लिहिलेले कागद सगळे एकाच बाजूचे, म्हणजे साहेबाचे. तेथील केनेथ डिके या इतिहासकाराने मौखिक परंपरेचा आधार घेऊन नायजरच्या त्रिभुज प्रदेशातील व्यापार व राजकारण यांवर ग्रंथ लिहिला, तो १९५६ साली बाहेर आला. डिकेही ईबादानचेच अध्यापक. दोनच वर्षांनी अचेबेंची कादंबरी निघाली. हा योगायोग नव्हे, असे माझे मत आहे. एकाच आवारात दोघे एकच काम निरनिराळ्या अवजारांनी करीत होते. जिथे कागद नाही तिथे कादंबरीने साक्षीला उभे राहायचे, अशी ती वेळ होती.

साक्ष म्हणजे कशी, ते पाहा. पामतेलाचा हा मुलूख. बर्लिनच्या परिषदेत (१८८४-८५) युरोपी राष्ट्रांनी आफ्रिका वाटून घेण्याचे नियम ठरवले. १८८६ साली रॉयल नायजर कंपनीला सनद मिळाली. कंपनी सरकार काय असते ते आपणांस सांगायला नको. १९०० साली कंपनीकडून कारभार इंग्रज सरकारने घेतला आणि मग आतल्या गावांवर मोहिमा निघाल्या. १९०५ च्या नोव्हेंबरात डॉ. स्टुअर्ट नावाचा एक गोरा गृहस्थ सायकलवरून जाताना वाट चुकला आणि अहियारा भागात गावकऱ्यांच्या हातून मारला गेला. त्याची शिक्षा म्हणून सैन्य आले आणि गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. सरकारी कागदांत तिला मोहीम म्हणतात. कादंबरीत हीच घटना अबामे या गावाची म्हणून येते. ओबिएरिका ती ओकोंक्वोला सांगतो, ऐकीव बातमी सांगावी तशी : एक गोरा लोखंडी घोड्यावर बसून आला, देवर्षी म्हणाला, हे अरिष्ट आहे, याच्यामागून आणखी येतील, लोकांनी त्याला मारले आणि त्याचा घोडा पळून जाऊ नये म्हणून देवाच्या झाडाला बांधून ठेवला. मग बाजाराच्या दिवशी गोरे आले, त्यांनी बाजाराला वेढा घातला आणि गोळ्या झाडल्या. त्या बांधून ठेवलेल्या सायकलीपाशी वर्गात मुले हमखास हसत. पुढच्या ओळीला हसू थांबे. सरकारी मोहिमेच्या अहवालातून ही सायकल कुणाला दिसली नसती.

दुसरा एक प्रसंग मला शिकवायला फार आवडे. साहेब गावच्या सहा प्रमुखांना बोलणी करायला बोलावतो आणि बेड्या घालतो. दंड ठरतो दोनशे थैल्या कवड्यांचा. पट्टेवाले गावात जाऊन सांगतात, अडीचशे! वरच्या पन्नास त्यांच्या. परकी सत्ता म्हणजे केवळ गोरा साहेब नव्हे. साहेबाची भाषा ज्याला येते आणि गावाची भाषा ज्याला येते असा मधला माणूस, हे त्या सत्तेचे खरे हातपाय. मामलेदार कचेरीच्या पायरीवर ज्याने कधी तासभर काढला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जाता जाता सांगतो, पश्चिम आफ्रिकेत पैसा म्हणून चालणाऱ्या कवड्या मोठ्या प्रमाणावर मालदीव बेटांतून, म्हणजे आपल्याच समुद्रातून तिकडे गेल्या होत्या. आणि ओकोंक्वोच्या कोठारातला कंद हा आपल्या कोनफळाच्या जातीचा. मुलांना कधी कधी अशा बारीकसारीक गोष्टींनीच दूरचा देश जवळचा होतो.

पुस्तकाच्या पुढच्या प्रवासाची हकीकत थोडक्यात सांगतो. अचेबेंनी हस्तलिखिताची एकच प्रत टंकलेखनासाठी लंडनला पोस्टाने पाठवली, आणि ती तिथे कित्येक महिने कोपऱ्यात पडून राहिली. त्यांच्या नभोवाणी खात्यातल्या वरिष्ठ बाई रजेवर लंडनला गेल्या, त्यांनी दारात जाऊन जाब विचारला, तेव्हा ती हलली. हाइनमान या प्रकाशकाने पहिली आवृत्ती काढली दोन हजार प्रतींची. १९६० साली नायजेरिया स्वतंत्र झाला. १९६२ साली त्याच प्रकाशकाने आफ्रिकी लेखकांची स्वस्त ग्रंथमाला सुरू केली. तिचे पहिले पुस्तक हेच, आणि अचेबे दहा वर्षे तिचे बिनपगारी संपादक-सल्लागार. ही माला मुख्यतः शाळांनी जगवली. पुस्तक परीक्षेला लागले, आणि आजवर त्याच्या दोन कोटींच्या वर प्रती खपल्या असे सांगतात.

पण परीक्षेला लागणे म्हणजे काय, हेही अचेबेंनीच सांगून ठेवले आहे. १९६५ सालच्या एका निबंधात त्यांनी आपल्या शिक्षिका पत्नीचा अनुभव दिला आहे. तिच्या वर्गातल्या एका मुलाने निबंधात हिवाळ्याचे वर्णन केले. नायजेरियात तो इंग्रजी हिवाळा कुठला! तिथे त्या दिवसांत सहारातून हरमाटन नावाचा कोरडा, धुळीचा वारा येतो. तू हरमाटन का लिहिले नाहीस, असे तिने विचारले, तेव्हा मुलगा म्हणाला, तसे लिहिले तर बाकीची पोरे मला रानवट म्हणतील. हे वाचून मला माझे बालपण आठवले. आमच्या इंग्रजीच्या वहीत वसंताची जी फुले उमलत, त्यांतले एकही आमच्या तालुक्यात उगवत नव्हते; दारचा पळस पेटलेला असे, पण तो वहीत येत नसे. आपला भूतकाळ म्हणजे एक लांबलचक काळोखी रात्र आणि तिच्यातून गोऱ्याने आपल्याला बाहेर काढले, ही समजूत वाचकांच्या मनातून निघाली तरी मला पुरे आहे, अशा आशयाचे उद्गार अचेबेंनी त्याच निबंधात काढले आहेत.

इथवर सारे सोपे होते. परका राजा वाईट, आपण गरीब बिचारे, हे शिकवायला शिक्षक लागत नाही. पण अचेबेंनी आपल्या गावाला झाकलेले नाही. जुळी मुले जन्मली की ती मडक्यात घालून रानात टाकण्याची तिथे रूढी. नुकसानभरपाई म्हणून दुसऱ्या गावाने दिलेला इकेमेफुना हा मुलगा तीन वर्षे ओकोंक्वोच्या घरात वाढतो, त्याला बाबा म्हणतो. आणि देववाणी होते तेव्हा त्याला रानात नेऊन मारतात. आपल्याला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून ओकोंक्वो स्वतः त्याच्यावर वार करतो. ओकोंक्वोचा सख्खा मुलगा न्वोये हे कधी विसरत नाही. पुढे मिशनरी येतात तेव्हा त्यांच्याकडे जाणाऱ्यांत हा न्वोये असतो. चार वेळा जुळी होऊन चारही वेळा ती गमावलेली एक गरोदर बाई असते. आणि ‘ओसू’ असतात.

ओसू म्हणजे देवाला वाहिलेली माणसे आणि त्यांची संतती. त्यांनी वेगळ्या वस्तीत राहायचे, केस कापायचे नाहीत, कुलवंतांशी लग्न करायचे नाही, गावसभेत बसायचे नाही. पूर्व नायजेरियाच्या कायदेमंडळाने ही प्रथा १९५६ साली कायद्याने बंद केली, म्हणजे आपल्या घटनेने अस्पृश्यता नष्ट केल्यानंतर सहा वर्षांनी. कायद्याने बंद झालेली गोष्ट कितपत बंद होते, हे दोन्ही देशांना ठाऊक आहे.

एके वर्षी हे प्रकरण चालू असताना मी ठरलेल्या टिपणाप्रमाणे सांगत होतो की, मिशनऱ्यांनी गावाची एकी फोडली, सभेची सत्ता गेली, समाज मोडला. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी, एरवी कधी न बोलणारा, उभा राहिला. म्हणाला, “सर, ज्यांना सभेत बसायलाच बंदी होती, त्यांनी सभा मोडली म्हणून दुःख का करावे?”

माझ्या टिपणात याचे उत्तर नव्हते. मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, म्हणजे ते बोलण्यासारखे नसावे. घरी जाऊन मी पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. तेव्हा ध्यानात आले की, लेखकाने त्या मुलाचा प्रश्न आधीच विचारून ठेवला होता, मीच तो वाचला नव्हता. ओबिएरिका इकेमेफुनाच्या वधाला गेलेला नसतो, आणि जुळ्या मुलांनी असा काय अपराध केला, हे त्याला उमगत नाही. पट्टेवाला गावसभा मोडायला आला, त्याच्या कितीतरी आधी ही माणसे मनाने गावाबाहेर पडली होती. याचा अर्थ बंदुका न्याय्य ठरल्या असा मुळीच नव्हे. अबामेच्या बाजारात मेलेल्यांनी कुणाला वाळीत टाकले होते की नाही, हे काही गोळ्यांनी विचारले नाही. मात्र परकी सत्ता आत कुठून शिरली, हे सांगताना अचेबे घरच्या भिंतीला पडलेली चीर दाखवतात. ती न दाखवता हे पुस्तक शिकवणे म्हणजे साहेबासारखाच परिच्छेद लिहिणे, फक्त आपल्या बाजूचा.

दुसऱ्या तऱ्हेचा परिच्छेद दूरचे लोक लिहितात. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्स या गावच्या शाळकरी मुलांनी ही कादंबरी वर्गात वाचली आणि लेखकाला पत्रे लिहिली. एकाला आफ्रिकेतल्या एका टोळीच्या चालीरीती आणि अंधश्रद्धा कळल्याचा फार आनंद झाला होता. अचेबेंनी १८ फेब्रुवारी १९७५ रोजी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दिलेल्या भाषणाच्या आरंभी हा किस्सा सांगितला आणि पोराला आपल्या यॉंकर्सच्या टोळीतही चालीरीती असतात हे ठाऊक नसावे, असा चिमटा काढला. ते भाषण कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या १८९९ सालच्या कथेवर होते. काँगोतल्या लुटीचा धिक्कार करणारे पुस्तक म्हणून तिची ख्याती. तथापि तिच्यातल्या आफ्रिकी माणसांना धड वाक्यही बोलायला मिळत नाही, हा अचेबेंचा आक्षेप. त्यांनी कॉनरॅडला वंशद्वेष्टा म्हटले ते मला थोडे जास्त वाटते. पण त्या भाषणानंतर ती कथा पूर्वीसारखी बिनधास्तपणे शिकवणे मलाही जमले नाही.

आता नैरोबीची हकीकत. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात इंग्रजी विभागाच्या भवितव्याची चर्चा चालू होती. २४ ऑक्टोबर १९६८ रोजी तिघा अध्यापकांनी, न्गुगी, हेन्री ओवुअर-अन्युंबा आणि टाबान लो लियॉंग यांनी, एक टिपण सादर केले : इंग्रजी विभागच बंद करा. शेक्सपिअर जाळा असे त्यांचे म्हणणे नव्हते. मध्यभागी कोण, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मध्यभागी आफ्रिकेचे वाङ्मय, त्यात मौखिक परंपरा आधी, आणि मग तिथून इतर जगाकडे जावे, असा तो आराखडा. मोठा वाद झाला, आणि अखेर तिथे इंग्रजी विभागाच्या जागी वाङ्मय विभाग आला.

न्गुगी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांच्या पहिल्या कादंबऱ्या इंग्रजीतल्या, आणि त्यांतली एक १९६२ साली हस्तलिखितात प्रथम वाचणाऱ्यांपैकी एक अचेबेच. पुढे न्गुगींनी गिकुयू भाषेत नाटक केले; १९७७ च्या अखेरीस सरकारने त्यांना खटल्याविना तुरुंगात टाकले. हे सरकार स्वतंत्र केनियाचे होते, इंग्रजांचे नव्हे. तुरुंगात शौचाच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. अचेबे मात्र इंग्रजीतच लिहीत राहिले. आपल्या मातीच्या वळणाने इंग्रजी वाकवता येते, असा त्यांचा दावा. अचेबे २०१३ साली गेले, न्गुगी २०२५ साली, आणि हा वाद मिटला नाही. इंग्रजी शिकवून पोट भरलेल्या माझ्यासारख्याने त्यात निवाडा देणे शोभणार नाही. एवढेच सांगतो की, ओबिएरिकाची वाक्ये मी वर्गात मराठीत सांगू लागलो, तेव्हा ती मुलांना पहिल्यांदा ऐकू आली.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षे मी मुलांना एक काम देत असे. साहेबाने लिहिला असता तो परिच्छेद तुम्ही लिहा. बहुतेक मुले उत्साहाने पानभर लिहीत : ओकोंक्वोचे पहिलवानपण, इकेमेफुना, मातुलगृहीचा सात वर्षांचा वनवास, सगळे. एका मुलीने चारच ओळी लिहून दिल्या. एका इसमाने सरकारी नोकराचा खून केला; अटक होण्याआधी त्याने आत्महत्या केली; प्रेत शिपायांकरवी उतरवले; गावात शांतता आहे. मी विचारले, “एवढेच?” ती म्हणाली, “सर, साहेबाला याहून जास्त ठाऊकच नव्हते.”

मी तिला पूर्ण गुण दिले. विद्यापीठाच्या परीक्षेत त्या वर्षी ओकोंक्वोच्या स्वभावचित्रावरच प्रश्न आला.